शेवटच्या स्क्रीनवरचा नकाशा

३ तारीख, सोमवार
आले बाई एकदाची. नातीने स्टेशनवरून थेट तिच्या कामावरच आणलं. घरांचे नकाशे काढायचा मोठा हॉल आहे. झाडपूस आणि चहा मी बघायचा. घरी एकटीने भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा बरं. हॉलभर स्क्रीन, पण नात म्हणते त्यांच्यात काही नाही, नुसत्या काचा. नकाशांचा प्रोग्रॅम चालतो मागच्या थंड खोलीत, तीन मोठ्या मशीनवर. इथे फक्त त्याचं चित्र दिसतं. म्हणजे आमच्या घरासारखंच, मागे एकीने राबायचं आणि पुढे सगळ्यांनी मिरवायचं. एक मशीन दमलं की काम आपोआप दुसऱ्यावर जातं म्हणे. एवढी समज माझ्या पोरांना हवी होती.
नातीने मला रेघ पुसायला शिकवलं. रेघेवर क्लिक, मग कोपऱ्यातलं बटण. चौथी नापास बाईने नकाशातली भिंत पाडली. हॉलमधल्या पोरी हसल्या. ओलं फडकं खिडकीत वाळत घातलं.

५ तारीख, बुधवार
भिंतीलगतच्या शेवटच्या खुर्चीत कोणी बसत नाही. तिथला माणूस काम करता करता खुर्चीतच गेला. त्याची स्क्रीन मी बंद करते आणि ती पुन्हा उजळते. रेघा आपल्या आपण पडतात. नात म्हणाली, त्याचं काम कोणी बंदच केलं नाही, ते मागे चालू आहे, काच विझवून थांबत नाही. एक मशीन बंद केलं की दुसऱ्यावर उगवतं. मेल्यावरही हौस फिटेना मेल्याची.
नकाशा याच हॉलचा आहे. माझ्या फडक्याची खिडकी मात्र त्याने पुसलीय.

६ तारीख, गुरुवार
खिडकी नाही. कोरी भिंत. फडकं अर्धं भिंतीत. ओढलं तर फाटलं.
सगळ्यांना विचारलं, सगळे हसले. नात म्हणाली, "आज्जी, इथे खिडकी कधी होती?" थट्टा करत नव्हती.

७ तारीख, शुक्रवार
आता नकाशात थंड खोली आलीय. नातीला म्हटलं, तिकडे जाऊ नकोस. ती म्हणाली, उद्या सुट्टी आहे, तिन्ही मशीन एकदम बंद करते, मग त्याला पळायला जागाच नाही. मीही येणार म्हटलं. "ये, पण डोकं खाऊ नकोस."

८ तारीख, शनिवार
दुपार. नात आत गेलीय. नकाशातल्या थंड खोलीत एक ठिपका हलतोय, तीच ती. आणि तो मेला खोलीचं दार पुसतोय—

धावले. दार नाही. गार भिंत. आतून ती ठोकतेय.

त्याच्याच खुर्चीत बसले. रेघेवर क्लिक, बटण. भिंत गेली. पुन्हा आली. सगळ्या स्क्रीन उजळल्या, सगळीकडे तोच नकाशा. मी इथे पुसते, तो तिथे—

शेवटच्या खुर्चीत अजून एक ठिपका. मी.

पोरीचं नाव आठवेना. मीच ठेवलेलं. विसरायच्या आत लिहिते. उंच, डाव्या गालावर तीळ, माझ्या लेकाची—

थंड खोलीतला ठिपका पुसला त्याने.

कोणाची वही ही. अक्षर माझं.

भिंतीमागे कोणीतरी आज्जी आज्जी करतंय. कोणाची गं तू—