उखाण्यातलं इंग्रजी

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार

सकाळी साड्यांचे दोन गठ्ठे आले. दुपारी पाच जणी माझ्या ओट्यावर धागे कापायला बसल्या. चार वाजता कारखान्याचे मगनभाई आले. परदेशी जाणारा माल तपासायचा आहे. साडीतला दोष शोधायचा आणि त्याचं इंग्रजी नाव सांगायचं. एकूण चाळीस शब्द. पाचही जणींना आले तर तपासणीचं टेबल इथेच आमच्या वस्तीत, लिंबायतमध्ये लागेल, नोकरी पक्की. नाहीतर — "पंदर दिवस, बेन. पछी माल कडोदरा जशे." म्हणजे नंतर सगळा माल दुसऱ्या गावी, आणि धागे कापायचं कामही गेलं.

मी मॅट्रिक, म्हणून शिकवणं माझ्याकडे. हे असते तर हसले असते — चार माणसांत तोंड न उघडणारी मी, आणि मास्तरीण!

६ फेब्रुवारी

एकेक शब्द दहा वेळा लिहायला लावते. सकाळी येतो, संध्याकाळी पाटी कोरी. आज सुभद्राबाई चिडल्या. "ताई, माले लिखता येस नही, पन बोलता येस ना!"

खरं आहे. घरात अहिराणी, माझ्याशी मराठी, भाजीवाल्याशी गुजराती, टीव्हीवर हिंदी. गुजराती कुठे शिकलात, विचारलं.

"भांडीसन!"

भांडून शिकल्या. वहीतून नाही. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

८ फेब्रुवारी

सापडलं! सुभद्राबाई "होल, होल" पुटपुटत धागे कापत होत्या. एकदम म्हणाल्या —

भोकाला म्हणतात होल,
निंबारावांचं घोरणं म्हणजे लग्नातला ढोल!

रुक्मिणीच्या हातातली कात्री पडली. ही बाई एरवी नवऱ्याला नुसतं 'ते' म्हणते! मग रुक्मिणीही सरसावली —

डागाला म्हणतात स्टेन,
मी माहेरी गेले की हिलालराव पकडतात पुढची ट्रेन!

हसून पोट दुखलं सगळ्यांचं. उठताना दोन्ही शब्द पाचही जणींना पाठ. एक अक्षर न लिहिता!

११ फेब्रुवारी

रोज सात-आठ शब्द होतात. नवरे पुरेनात — निंबारावांचं नाव आज चार वेळा घेऊन झालं. वैशालीचं तर यंदाच लग्न झालंय, पण तिचा सगळ्यात छान —

घडी म्हणजे फोल्ड,
सुकदेवराव गप्पा मारतात, चहा होतो कोल्ड!

कोल्ड माझ्या यादीत नाहीच! कुठून आणलास, विचारलं. "कोल्ड्रिंक मागतो ना, ताई. थंड असतं ते." मी न शिकवलेला शब्द!

१४ फेब्रुवारी

आता फक्त थ्रेड राहिलाय. दिवसभर हातात धागाच, पण त्याला कोणाचा नवरा जुळेना. वैशाली पटकन म्हणाली, "ताई, आता तुम्ही घ्या ना!" सुभद्राबाईंनी तिला चिमटा काढला. मला दिसला. मी खाली बघून मागचे शब्द विचारायला लागले.

चौदा महिने झाले यांना जाऊन. नाव हे असतानाही उखाण्यातच घ्यायचे मी. वैशाली सोडली, तर आता मला उखाणा घ्यायला कोण सांगणार?

१६ फेब्रुवारी

एकोणचाळीस पक्के. थ्रेड अडलाच आहे.

१८ फेब्रुवारी

जिंकलो! मगनभाईंनी साडी पसरली, डागावर बोट ठेवून विचारलं, "आ शुं?" रुक्मिणीचे ओठ हलले आणि मग खणखणीत — "स्टेन!" पुढे होल, फोल्ड, सगळे. दर वेळी आधी पुटपुटणं. मगनभाई वैतागले. "ए बेन, आ शुं मंतर भणे छे?"

सुभद्राबाई म्हणाल्या, "नवरानं नाव लेस, मगनभाई! तुमनं लेऊ का?"

त्यांचे कान लाल झाले! शेवटी लोंबता धागा दाखवला, तेव्हा थ्रेड पाचही जणींना आठवेना. मगनभाईंनी साडी गुंडाळली. "एक भूल चालशे. सोमवारथी टेबल चालु."

आम्ही ओरडलो. मीसुद्धा! गल्लीतल्या बायका बाहेर आल्या बघायला.

२३ फेब्रुवारी, रविवार

उद्या टेबल. घरात एकटीच होते. कात्रीला तेल घालताना आपोआप आलं —

धाग्याला म्हणतात थ्रेड,
लक्ष्मणरावांना लागायचा चहात बुडवून ब्रेड.

मोठ्याने म्हटलं. दोनदा. मग कोपऱ्यावरून ब्रेड आणला, चहा केला आणि बुडवून खाल्ला.