शुद्ध प्रत सादर करावी

१५ ऑगस्ट २००३, शुक्रवार
आजपासून रोजनिशी. चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. शाळेनं संस्कृत बंद केलं, म्हणून बावन्नाव्या वर्षी स्वतःची वही उघडायला सवड झाली.
फाट्यावरची खोली ताब्यात आली. पुढं रस्ता, मागं ऊस. कॉलेज इथून चालत दहा मिनिटं. पुण्याचे फादर ऑल्विन किल्ली देऊन गेले. म्हणाले, "मास्तर, जास्त काही करायचं नाही. पाच कॅथलिक मुलं आहेत त्या कॉलेजात, घरापासून लांब. दार उघडं ठेवा, चहा ठेवा, कोणी बोललं तर ऐका. एकालाही उपयोग झाला तर पुढच्या वर्षी खोली ठेवू. नाहीतर बंद."
फादर साधे गृहस्थ. कार्याचा आवाका त्यांच्या ध्यानात आलेला नाही.
संकल्प: नाताळापूर्वी 'महाविद्यालयीन प्रार्थनासंहिता' लिहून पूर्ण करणे. रोज चार पानं. उद्यापासून.

१९ ऑगस्ट
संहिता उद्यापासून. आधी नाव हवं. फादरच्या पत्रात 'कॅम्पस मिनिस्ट्री' आहे. मराठी मुलखात इंग्रजी पाटी लावणं मला जमणार नाही. कॅम्पस म्हणजे परिसर. मिनिस्ट्री म्हणजे सेवाकार्य, पण त्यात भारदस्तपणा नाही. शब्दकोश काढला. 'मंत्र' अधिक 'आलय'. जिथं मंत्र राहतो ते घर. प्रार्थनेच्या खोलीला याहून नेमकं काय असणार!
मंचरच्या धर्माजी पेंटरला सांगितलं: 'कॅथलिक परिसर मंत्रालय'. त्यानं दोनदा विचारलं, "मंत्रालयच लिहू ना, सर?" म्हटलं, लिही. खेड्यातल्या पेंटरला व्युत्पत्ती कुठं समजावत बसा.

२३ ऑगस्ट
पाटी लागली. परिणाम तात्काळ. सकाळी दारात नऊ माणसं.
पहिला कुंडलिक, महाळुंगे पडवळचा. हातात अर्ज. म्हणाला, "सायेब, वाघानं माजं शेरडू न्हेलं. लई हेलपाटं घातलं तालुक्याला. आता मंत्रालयच फाट्यावर आलं, बरं झालं राव." त्याला व्युत्पत्ती सांगितली. त्यानं शांतपणे ऐकली. मग म्हणाला, "ते खरं हाय. पर पिंजरा कवा लावताय?"

२५ ऑगस्ट
आणखी सहा अर्ज. चार बिबट्याचे, एक रेशनकार्डाचा, एकाला पारगावच्या कारखान्याची ऊसतोड लवकर हवी आहे.
झाडलोट आणि चहा यांसाठी सारजाबाई ठेवली. ही कुंडलिकाची चुलती. अक्षरओळख नाही. मूर्ती पुसताना मोठ्यानं "मरीआई, जरा सरक" म्हणाली. 'मरियामाता' म्हणावं, असं तीनदा सांगितलं. म्हणते, "गुर्जी, ती वळखती की मला." संहिता राहिली.

७ सप्टेंबर, रविवार
महिन्याचा पहिला रविवार, फादर येऊन मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, झाली. पाचही विद्यार्थी हजर. चौघे मुलगे, प्रत्येकाची नजर घड्याळावर. पाचवी जॅसिंटा रुमाव, वसईकडची, सिव्हिलच्या पहिल्या वर्षाला. बोलत नाही. मिस्सेनंतर बाकी पळाले, ही बसून राहिली. तिला प्रार्थनासंहितेची योजना समजावून दिली. पाऊण तास. फार लक्षपूर्वक ऐकलं. अशी एक श्रोती पुरे.
ती गेल्यावर सारजाबाई म्हणाली, "पोरीला काय तरी बोलायचं व्हतं." म्हटलं, मग बोलली का नाही? "तुमी थांबला न्हाई ना."
नोकरमाणसांना टोमणे मारायची सवय असते.

१२ सप्टेंबर
अर्जांपुढं इलाज हवा. दाराला पेटी ठोकली, कुलूपवाली. वर सूचना: 'सर्व निवेदने लेखी व शुद्ध मराठीत. अशुद्ध अर्जांचा विचार होणार नाही.' गर्दी निम्मी झाली. कुंडलिक सूचना वाचून म्हणाला, "वाघ काय व्याकरण बगून येतो व्हय?"

२१ सप्टेंबर
मुलगे येत नाहीत. सबमिशन आहे म्हणे. जॅसिंटा येते, पण मी मंचरला गेलो की. परतलो तर पायरीवर दोघी शेंगा सोलत होत्या. मला पाहून शेंगा आवरल्या. प्रौढ स्त्रीनं विद्यार्थिनीचा अभ्यासाचा वेळ घेऊ नये, असं सारजाबाईला सूचित केलं. तिनं सूचित करून घेतलं नाही.

९ ऑक्टोबर
पेटी उघडली. तेवीस अर्ज. बसून सगळे तपासले. जुना आनंद परत मिळाला. तांबडी शाई संपत आली.
सर्वात वाईट अर्ज कॉलेजच्या मुलीचा असावा, ही शोकांतिका. अर्धं पान आणि अकरा चुका. 'जुन महीन्यात' — दोन शब्दांत दोन. 'नीधन' — पहिलाच दीर्घ. 'पप्पांच्या आत्मास' — सामान्यरूप कुठं गेलं? 'शांति' — संस्कृतात ऱ्हस्व, मराठीत दीर्घ. तिला संस्कृत येत नाही, म्हणजे तिचं बरोबर हेही चूकच. 'कोनाशी तरी बोलायचे आहे' — ण आणि न! खाली शेरा: 'आशय ठीक. शुद्ध प्रत सादर करावी.'
एकूण दिवस सार्थकी.

१४ ऑक्टोबर
जॅसिंटा आली. तांबडा झालेला कागद हातात. उभीच राहिली. म्हणाली, "सर, दोन तारखेला होईल ना पण?" दोन नोव्हेंबर म्हणजे मृतांचा स्मरणदिन, मिस्सेत मृतांची नावं वाचायची. यंदा पहिल्या रविवारी येतो, त्यामुळं फादरही असतील. म्हटलं, का होणार नाही? यादी माझ्याकडंच आहे. शुद्ध प्रत पेटीत टाक, की झालं समज. मग 'आत्मा' शब्दाची सगळी संस्कृत रूपं फळ्यावर लिहून दाखवली. तिनं वहीत उतरवून घेतली. 'आत्मने' (आत्म्यासाठी) लिहिताना डोळे पुसत होती. खडूची धूळ फार उडते; ओलं फडकं ठेवायला सांगितलं पाहिजे.

२० ऑक्टोबर
पेटीची किल्ली सापडत नाही. शोधायची घाईही नाही. काल मेंगडेवाडीच्या बाजूला पुन्हा बिबट्या दिसला. आत काय असणार ते न उघडता सांगतो. पेटी भरून वर आलीय, लोक फटीत कागद खोचतात. सारजाबाई म्हणाली, "गुर्जी, कुलूप तोडू का? दगड हाय." म्हटलं, सरकारी पद्धतीची पेटी आहे, दगडानं उघडत नाहीत.
दोन तारखेसाठी प्रास्ताविक लिहायला घेतलं. विषय: 'मृत्यु' शब्दाचा धातू.

२५ ऑक्टोबर
दिवाळी. हॉस्टेल रिकामं. जॅसिंटा घरी गेली नाही. सारजाबाईनं तिला महाळुंग्याला नेलं, करंज्या खाऊ घातल्या. कारण विचारलं तर म्हणाली, "घरी गेलं की बापाची खुर्ची दिसती म्हन." बाप बाहेरगावी असेल. खोलात गेलो नाही. प्रास्ताविक चौदा पानं झालं.

२ नोव्हेंबर, रविवार
विस्तारानं लिहायला हवं, कारण आजचा दिवस माझ्या कार्याचा कळस होता.
मुलगे दोनच. जॅसिंटा पहिल्या रांगेत, पांढऱ्या ड्रेसमध्ये. हातात मेणबत्ती, आधीच पेटवलेली. प्रास्ताविक सव्वीस मिनिटं चाललं. फादरांनी मधे एकदा घड्याळ पाहिलं. मोठ्या माणसांना कामं असतात. मग मी यादी वाचली. माझे आईवडील, फादरांचे भाऊ, धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) पुस्तकातली बारा नावं. यादी संपली.
जॅसिंटा माझ्याकडं बघतच होती. मी कागद उलटा करून पाहिला, मागं काही नव्हतं. घडी घातली. ती उठली. मेणबत्ती बाकावर उभी करून, भर मिस्सेत निघून गेली. शिस्त म्हणून उरलेली नाही. सारजाबाई तिच्यामागं अनवाणी धावली.
मेणबत्तीनं बाकाचं पॉलिश गेलं.

३ नोव्हेंबर
सारजाबाई आली. चहा ठेवला नाही. दारातूनच बोलली. "जून म्हैन्यात बाप गेला तिचा. पास्कल नाव. कालच्याला नाव घ्याल म्हनून दोन म्हैनं दम धरून बसली पोर. हितं माज्याबिगर कुनाला म्हाईत न्हवतं. का? तर म्हनली, सरांना लिव्हून दिलंय."
खुलासा इथं नोंदवून ठेवतो. अर्ज नियमानुसार परत केला होता. शुद्ध प्रत आली नाही. प्रत नाही म्हणून यादीत नाव नाही. पद्धतीत दोष नाही. शिवाय मी आशय ठीक असं स्पष्ट लिहिलं होतं.
तरी उद्या हॉस्टेलवर जाऊन तिच्याशी बोलायचं. काय बोलायचं त्याचा मसुदा केला. दोन पानं.

४ नोव्हेंबर
मसुदा सुधारला. जाणं उद्या.

५ नोव्हेंबर
गेलो. खोली रिकामी. तिची पार्टनर म्हणाली, सकाळीच गेली, दाखला मागणार म्हणे. सारजाबाईनं मंचरच्या स्टँडवर नेऊन एसटीत बसवलं. मला निरोप? "न्हाई, गुर्जी." मग, "तुमच्या फळ्यावरचं पाठ म्हनत व्हती. आत्मने, आत्मने. मला वाटलं देवाचं काय हाय."

८ नोव्हेंबर
दगडानं कुलूप तोडलं. सारजाबाईनंच दगड आणून दिला.
एकोणचाळीस कागद. बत्तीस बिबट्याचे, सहा इतर. सर्वात तळाशी, म्हणजे सर्वात आधी टाकलेला, वहीचा रेघांचा कागद. तारीख १५ ऑक्टोबर. मी फळ्यावर रूपं लिहून दाखवली त्याच्या दुसऱ्याच दिवशीची.
'माझे पप्पा पास्कल रुमाव यांचे जून महिन्यात निधन झाले. पप्पांच्या आत्म्यास शांती मिळावी म्हणून दोन नोव्हेंबरला त्यांचे नाव घ्यावे. मला कोणाशी तरी बोलायचे आहे.'
तीनदा वाचला. सवयीनं पेन हातात होतं.
एकही चूक नाही.

१९ नोव्हेंबर
रोजनिशी लिहिली नाही. संहिताही नाही. वसईच्या पत्त्यावर पत्राचे सात मसुदे. प्रत्येकात 'वस्तुतः' येतो. फाडले.

७ डिसेंबर, रविवार
फादर आले. मुलं नाहीत. मी, सारजाबाई, आणि दारात कुंडलिक, त्याला पिंजऱ्याचं विचारायचं होतं. प्रास्ताविक नाही. यादीत एकच नाव. मी वाचलं. पुन्हा वाचलं. सारजाबाईनं मरीआईला हात जोडले.
मिस्सेनंतर फादरांनी खोलीचं विचारलं. मार्चपर्यंत थांबू, असं ते म्हणाले, पण मी किल्ली पुढं केली. त्यांनी ती घेतली नाही. बाईकडं बघत म्हणाले, "चहा कोण ठेवतं इथे?" किल्ली तिच्याकडं गेली.
पाटी उतरवायला कुंडलिकानं मदत केली. म्हणाला, "म्हंजी मंत्रालय हललं म्हना की. आमी म्हननारच व्हतो, आमचं काम व्हायच्या आधी हलतंय."
दुपारी पोस्टकार्ड घेऊन बसलो. शब्द सुचेना. सारजाबाई म्हणाली, "आना हिकडं. मी सांगते, तुमी लिव्हा." सांगितलं ते असं: "तुज्या बापाचं नाव घेतलं. दोनदा. करंज्या ठिवल्यात. ये."
'तुज्या' तसंच ठेवलं. 'ठिवल्यात'ही.
पाठवणाऱ्याच्या जागी सवयीनं 'कॅथलिक परिसर मंत्रालय' लिहून झालं होतं. ते खोडलं. उरलेल्या जागेत माझं नाव मावेना. 'सारजाबाई' तेवढं मावलं.