मुखपृष्ठावरचा ळ

मंगळवार, ११ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी, मुलं सगळे बरे असाल. इकडे आई ठीक आहे. तिचा गुडघा कुरकुरतो, पण तिची स्वतःची कुरकुर त्याहून मोठी, तेव्हा काळजी नको. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागलाय.

घरच्यांचा फोन तू घेत नाहीस, म्हणून पत्र. पाकिटाच्या जाडीकडे बघून दचकू नकोस. आधी हे वाच आणि आतली गुंडाळी मग सोड. एवढं एकदा माझं ऐक.

बाबांचं पुस्तक निघतंय. चाळीस वर्षं छापखान्यात उभं राहून अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारा माणूस घरी येऊन वह्या भरत होता, हे ते गेल्यावरच आम्हाला कळलं. नाव त्यांनीच घालून ठेवलंय: 'हातजुळणी'. मुखपृष्ठ माझ्याकडे आहे. शुक्रवारी सकाळी अकराला सगळं छापायला जायचंय.

नावासाठी मी तीन फॉन्ट नेले. प्रकाशकबाई पहिल्याला म्हणाल्या, "ही सरकारी नोटीस." दुसऱ्याला म्हणाल्या, "हे खोकल्याचं औषध." तिसरा बघून त्यांनी नुसता चष्मा काढून ठेवला. मग माझ्या फायलीतून एक जुना, पिवळा पडलेला नमुन्याचा कागद खाली पडला. बाईंनी तो उचलला आणि खिडकीपाशी नेऊन कितीतरी वेळ बघत राहिल्या. "अहो, हेच! असं अक्षर घरात ठेवून मला औषधाच्या बाटल्या काय दाखवताय? कुणाचं आहे?"

दादा, मी म्हटलं, "माझं."

चुकून बोलून गेले असं लिहिणार होते. पण एकोणीस वर्षं तेच सांगत आलेय, तर चुकून कसलं? ते अक्षर तुझं आहे. तू कुंचल्याने काढलेल्या अक्षरांचे ते सेहेचाळीस कागद बाबांनी रद्दीत घातले नव्हते. ते मी नेले होते.

अक्षरं बनवणाऱ्या त्या कंपनीत माझी मुलाखत होती. माझे नमुने म्हणजे नुसता आनंद होता, तू बघितलेच होतेस. तू कामासाठी आठवडाभर बाहेरगावी होतास. म्हटलं, दाखवून परत तुझ्या पेटीत ठेवीन, कुणाला पत्ताही लागणार नाही. त्यांनी कागद ठेवून घेतले आणि तू चौथ्याच दिवशी परत आलास. तू पेटी उपसत होतास तेव्हा मी दारात उभी होते. आणि बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "जुने कागद होय? मी टाकले रद्दीत."

तू त्यांना काय म्हणालास ते शब्द मला अजून पाठ आहेत. "जन्मभर दुसऱ्यांची अक्षरं जुळवलीत, घरातलं अक्षर ओळखता आलं नाही." त्याच आठवड्यात तू घर सोडलंस, आणि नकाशांच्या कचेरीत चिकटलास तो चिकटलासच. कुंचला पुन्हा हातात धरला नाहीस, असं वहिनी आईला एकदा म्हणाली होती.

आणि गंमत बघ, कंपनीने मला नोकरी दिली, पण 'बाजारात चालणार नाही' म्हणून ते अक्षर कपाटात टाकलं. कधी बाहेर आलंच नाही. नमुन्याचं पान तेवढं मी हौसेने घरी आणलं. बाबांनी भिंग काढलं. सगळं पान ओळ न् ओळ बघितलं आणि ळ वर बोट ठेवून म्हणाले, "टिंबा, एवढं एक अक्षर तुझं आहे." बस्स. तुझ्या कागदांत ळ नव्हता ना! दोन्ही पोटं सारखी झाली की मेल्यासारखा दिसतो म्हणून तू काढायचास आणि फाडायचास. तो मी घुसडला होता.

मी लगेच तुझ्याकडे यायला हवं होतं. नोकरी जाईल म्हणून आले नाही. मग तू बाबांच्या आजारपणातही फिरकला नाहीस, आणि मला ते सांगण्याची हिंमत तेव्हाही झाली नाही. मी घाबरट आहे रे, लहानपणापासून.

आता मुद्रितं तपासताना पान त्र्याहत्तरवर हे सापडलं: 'थोरल्याचे कागद मी रद्दीत घातले. तो बोलत नाही, ते रास्तच आहे.' मेल्यानंतरही मला पाठीशी घालायला बसलेत! मला इतका राग आला त्यांचा, आणि मग रडूच आवरेना.

आज सकाळी बाईंना सगळं सांगितलं. त्या मला बरंच बोलल्या, सगळं खरं होतं. शेवटी म्हणाल्या, शुक्रवारी अकरापर्यंत भावाचा होकार आणा, नाहीतर नोटिशीचं अक्षर.

बाबांचं वाक्य मी काढणार नाही, ते त्यांचं आहे. पण पुस्तकाच्या शेवटी एक पान मी लिहिलंय, खाली माझ्या नावानिशी. त्याची प्रत सोबत आहे. तू हो म्हण, नाही म्हण, उत्तरच देऊ नकोस, ते पान छापलं जाणार. त्यासाठी मी तुझी परवानगी मागत नाही.

गुंडाळीत तुझे कागद आहेत, सेहेचाळीसच्या सेहेचाळीस. कंपनी बंद झाली तेव्हा मागून आणले, आणि तेव्हापासून माझ्याच कपाटात होते. अक्षर वापरायचं की नाही ते तू ठरव. वापरू दिलंस तर आत नाव फक्त तुझं येईल.

सत्तेचाळिसावा कागद कोरा आहे. माझा ळ मी मुखपृष्ठावरून पुसला. सध्या तिथे 'हातजु', मग मोकळी जागा, मग 'णी' आहे. काढावासा वाटला तर काढ आणि मोबाइलवर फोटो पाठव. शुक्रवारी अकरापर्यंत मी ती जागा तशीच ठेवणार आहे.

माफी मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझे कागद चोरणारी,
तुझी धाकटी बहीण,
टिंब