कमळच्या नखांचा निकाल

वेसावे,
ता. ९ एप्रिल १९८६

ती. नलिनीताईस,

धाकट्या हरेश्वरचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सारे धडधाकट. भावोजींचा गुडघा कसा आहे? (मागच्या खेपेचे सुके बोंबील त्यांनी खाल्ले, की अजून मुलुंडच्या शेजाऱ्यांना घाबरून खिडक्या लावून बसतात?)

ताई, आधी तुझे उपकार. आमच्या कमळला अख्खं वेसावं ‘भिंगरी’ म्हणायचं. वर्गाच्या बाईंनी तिला आधी खिडकीपासून लांब बसवलं, मग दारापासून, आणि शेवटी शाळेपासूनच लांब ठेवायचं म्हणत होत्या. मी ओरडायचो, विमला धपाटे घालून स्वतःच रडायची, आई मिरच्या ओवाळायची. तू एकटी म्हणालीस, “पोर द्वाड नाही रे, तिला थांबताच येत नाही. डॉक्टरला दाखव.” नुसतं म्हणून थांबली नाहीस, मोठ्या इस्पितळात जाऊन डॉक्टर अनुपमाबाईंचा वारही विचारून आलीस.

पहिल्याच दिवशी वाट लागली. डॉक्टरीणबाईंनी कमळचं रक्त घेतलं, इथवर ठीक. मग त्यांनी थोडे केस आणि नखं मागितली. आई ताडकन उठली. “केस न् नखं? ही डाक्टरीण का चेटकीण?” म्हणत तिने पोरीच्या दोन्ही मुठी पदरात गुंडाळल्या. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत गं. म्हणाल्या, “आजी, अंगात काय साठलंय ते केसांत-नखांत उतरतं. हवं तर तुम्हीच कापा.” मग आईनेच कापली, आणि पुडी परत मिळेल ना, हे तीनदा विचारून घेतलं. (तोवर कमळ बाहेर वजनकाट्यापाशी उभी राहून बायकांची वजनं मोठ्याने जाहीर करत होती.)

निकालात निघालं शिसं. रक्तात शिसं, केसांत शिसं, नखांत शिसं. घरात बॅटरीचं काम होतं का, रंगाचं होतं का, बाईंनी विचारलं. मी ऐटीत नाही म्हटलं. “मग धंदा काय?” ताई, तेव्हा विमलाने माझ्याकडे जे पाहिलं ना! जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या मी कुठे ओततो? स्वयंपाकघरात, भात उतरला की त्याच स्टोव्हवर. आणि कमळ शेजारी बसून गार झालेली गोळी पेपरमिंटसारखी गालात धरते. आम्हाला वाटायचं, चला, तेवढा वेळ तरी गप्प बसते!

मला तिथेच रडू फुटलं. बाई म्हणाल्या, “तुम्हाला ठाऊक नव्हतं. आता झालं.” सगळं शिशावर ढकलू नका, हेही त्यांनी बजावलं, काही मुलं जन्मतःच अशी, शिसं त्यात भर घालतं. मग म्हणाल्या, “वडील लहानपणी कसे होते?” आता आई खुलली. देवळाच्या कळसावर चढलो, वरातीतली घोडी पळवली, सगळं सांगितलं. बाहेरचे पेशंट ऐकायला आत आले. बाईंनी सगळं टिपलं, आणि माझा पाय टेबलाखाली सारखा हलतोय, तेही.

आता घरात शिसं वितळत नाही, हात धुतल्याशिवाय कुणाला ताट नाही. कमळला लोहाचं औषध चालू आहे. दुसऱ्या तपासणीत शिसं बरंच उतरलंय. परवा ती एक अख्खा तास जागेवर बसली, तर वर्गाच्या बाईंनी निरोप धाडला, मुलगी आजारी आहे का? विमला म्हणते, ताई नसत्या तर मी पोरीला मारतच राहिले असते. तुझं हे ऋण आम्हाला फेडायचंच नाही, असंच अंगावर राहू दे.

तुझा,
हरेश्वर

ता. क. स्वयंपाकघर ओल्या फडक्याने पुसून, जमीन नवी करून घ्या आणि तोवर पोरीला दुसरीकडे ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. रविवारी तिला तुझ्याकडे आणतो. आता अगदी शहाणी झाली आहे.

ता. ता. क. तुमच्या गच्चीच्या दाराला कुलूप आहे ना? नसेल तर येताना मीच घेऊन येतो.