निजायची जागा

३ मार्च, मंगळ.
डॉ. म्हणाले, आईच्या हृदयाला आता विमानप्रवास झेपणार नाही. जपानीतून मराठीत आणताना मी वाक्य जरा मऊ केलं. आईने ओळखलंच. जन्मभर पोरांच्या थापा पकडल्यात तिने शाळेत. स्टेशनवर म्हणाली, "म्हणजे मी इथंच जाणार. जाळू नका गं मला. नगरला पप्पांशेजारी पुरा."
विमानाने पेटी पाठवू म्हटलं तर, "कार्गोतून? मी काय हापूस आहे?"
हेही नको, तेही नको!

५ मार्च, गुरु.
इथे सगळ्यांना जाळतातच. तरी योकोहामात पुरायला जागा आहे का, लंचमध्ये तीन दफनभूम्यांना फोन. तिघांनीही 'मुझुकाशी', अवघड आहे. म्हणजे नाहीच.
संध्याकाळी नगरहून दादा : "जाळलंस तर शेवटच्या दिवशी, सगळे मेलेले उठतील तेव्हा, आई उठणार कशी?" जणू मी काडेपेटी घेऊनच बसलेय. चिडले खूप. पण प्रश्न मलाही लागलाय.

८ मार्च, रवि.
चर्चच्या अभ्यासवर्गात सध्या पहिल्या काही शतकांतले ख्रिस्ती लोक. दादाचा प्रश्न तिथे टाकला. कळलं ते असं : ते 'मेला' म्हणत नसत, 'निजला' म्हणत. दफनभूमी म्हणजे निजायची जागा. पाय पूर्वेकडे करून पुरत, उठल्या उठल्या तोंड उजाडतं तिकडे. पण रोमन सत्तेच्या छळात कित्येकांना जाळलं, राख नदीत टाकली, आता उठून दाखवा म्हणून. मागे राहिलेले म्हणाले, देवाने एकदा मातीतून घडवलं, त्याला पुन्हा घडवणं काय जड?
पटलं. पूर्ण पटलं. दादाला फोन करून ठणकावलं.
पलीकडून आईने सगळं ऐकलं असणार; तिला मात्र नुसत्या गोळ्या दिल्या.

१२ मार्च, गुरु.
घरून काम. अभ्यासवर्गातल्या हारुको-सान आईला भेटायला आल्या. त्यांचे मिस्टर गेल्या वर्षी गेले. आईने सरळच विचारलं, "तुम्ही त्यांच्या अस्थींचं काय केलंत?" मला भाषांतर करायची लाज वाटली, तरी केलं.
त्या शांतपणे सांगत होत्या. दहन झालं की घरच्यांनी मिळून चॉपस्टिक्सनी हाडं उचलून कलशात ठेवायची. सुरुवात पायांपासून, डोकं शेवटी. कलशात माणूस उलटा पडायला नको, ताठ राहायला हवा.
आईने आपल्या पायांकडे बघितलं. मग, "म्हणजे उठायला सोपं."
हेही भाषांतर केलं. दोघी हसायला लागल्या. मला रडूच आलं.

१५ मार्च, रवि.
सकाळी चहा घेताना आई म्हणाली, "जाळा मग. पण पायांपासून हं. घाई करायची नाही."
सुटले असं वाटलं. लगेच दुसरं. कलश कुठे? नगरला पप्पांजवळ, की इथल्या चर्चच्या, सगळ्यांचे कलश ठेवतात त्या कबरीत?
"इथं साडेतीन तास आधी उजाडतं," आई. "मी आधी उठेन, चहा टाकेन, मग त्यांना हाक मारेन. लग्न झाल्यापासून तेच केलंय." थोड्या वेळाने, "पण इतक्या लांबून हाक जाईल का गं?"
मी तिच्या कपात आणखी चहा ओतला.
तेवढ्यात दादाचा फोन. काय ठरलं, विचारतोय. आईकडे बघितलं.
"सांग त्याला, मी अजून निजले नाहीये."