शेवटच्या भागातलं गाणं

१२ फेब्रुवारी, बुधवार
दुकानातून, दुपारी

ती. वन्संना,

वाकून नमस्कार करायचा तर गुडघे कुरकुरतात, तेव्हा खुर्चीत बसूनच केलेला गोड मानून घ्या. इकडे सगळे बरे आहेत. तुमच्या बंधुराजांनी निवृत्त झाल्यापासून घरातल्या एकेका बिजागरीला तेल पाजलंय. आता कोण आलं, कोण गेलं, काही पत्ता लागत नाही. मी त्यांना म्हटलं, उद्या मलाही तेल घाला.

दुकानात गणवेशांचं काम आहे. मुलं वर्षभरात वीतभर वाढतात आणि आया सगळा राग माझ्या टाक्यांवर काढतात.

तुम्ही म्हणाल, मोबाइल असताना पत्र कशाला. मोबाइलवर मी पानभर लिहिते आणि तुम्ही उत्तर देता, "बरं." टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेल्या बाईने, जिच्याशी बोलायला लोक मुद्दाम चुकीचा नंबर मागायचे, तिने एका शब्दावर माझी बोळवण करावी? म्हणून हे पत्र. याला एका शब्दात उत्तर देता येणार नाही.

तर आता कामाचं. आपल्या त्या कोरियन लांबकोट्याची मालिका संपली. शेवटचा भाग मी काल बघितला.

कोट मात्र शेवटपर्यंत झकास. खांद्याची शिवण कुठे सुरू होते आणि कुठे संपते, मी टॅब नाकाला लावून बघितलं, तरी समजलं नाही. त्या कोरियन शिंप्याचे हात एकदा बघायला मिळाले पाहिजेत. त्या बेकरीवालीने अखेर लांबकोट्याच्या बाहीचं तुटलेलं बटण लावून दिलं. कुणी कुणाला मिठी मारली नाही की डोळे वटारून तीन-तीनदा वळून बघितलं नाही. तिने दोरा दाताने तोडला, तो बघत राहिला, झालं. एवढ्यावर मी हातातला गणवेश भिजवला. या लोकांना कमी बोलून रडवायचं कसं जमतं, मला नवल वाटतं. तुमचा लाडका बिचारा याही वेळी एकटाच राहिला. प्रत्येक मालिकेत तुम्ही दुसऱ्या हिरोच्या बाजूने उभ्या राहता आणि प्रत्येक मालिकेत त्याचं वाटोळं होतं. माझा संशय तुमच्यावरच आहे.

वन्सं, इतकं लिहिलं, पण जे लिहायचं ते अजून लिहिलंच नाही.

परवा भाच्याशी, तुमच्या लेकाशी, बोलले. तो म्हणाला, "मामी, आई टीव्ही लावतच नाही. मी एकदा लावून दिला होता. खाली लिहून आलं, 'करुण संगीत'. आईने बंदच करून टाकला. म्हणाली, करुण म्हणजे काय? कोणतं वाद्य? कुठून सुरू झालं? हे काय सांगणं झालं?" मग म्हणाला, "आणि ती बोलतही नाही आता. म्हणते, माझाच आवाज मला कळत नाही, कशाला चारचौघांत हसं करून घेऊ."

घरात आम्ही सगळे 'तुमचा ताप' म्हणतो. कान गेले असं कुणी म्हणत नाही. मी म्हणते. त्या तापात तुमचे कान गेले आणि डॉक्टर म्हणाले, यंत्राचाही उपयोग नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं. पण कानांबरोबर गळाही बांधून ठेवायला तुम्हाला कोणी सांगितलं?

रागावलात ना? रागवा. पण पुढचं वाचा.

संगीत कसं होतं ते मी माझ्या पद्धतीने सांगते. सुरुवातीला पियानो, कच्चे टाके घालावेत तसा, लांब लांब आणि सैल. मग व्हायोलिन त्याच वाटेने येऊन पक्की शिवण घालतं. आणि मग त्या बाईचा आवाज, आपलं गाणं. ती दोघं समोरासमोर आली की दर वेळी ते लागायचं आणि तुम्ही तापाआधी इथे दुकानातल्या स्टुलावर बसून बरोबरीने म्हणायचा. शब्दांचा अर्थ तुम्हाला ठाऊक नाही, मला तर नाहीच. मी सुई टोचू नये म्हणून बोटात घालते ते अंगुस्तान टेबलावर वाजवून ताल धरायची. कपडे न्यायला आलेली गिऱ्हाइकं दारात थांबून राहायची.

काल शेवटी बसथांब्यावर ती दोघं समोरासमोर आली. मी अंगुस्तान वर उचललं. आणि काही लागलंच नाही. पियानो नाही, व्हायोलिन नाही. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजसुद्धा काढून टाकलेला. खालची ओळही कोरी. मला वाटलं टॅब बिघडला. मग कळलं, दिग्दर्शकाने मुद्दाम तसं ठेवलंय. इतके भाग ते गाणं आपल्या मनात भरून ठेवलं, आता तुमचं तुम्ही म्हणा, असं म्हणून तो बाजूला झाला. काय हिंमत त्या माणसाची.

वन्सं, त्या वेळी तुम्ही स्टुलावर असतात, तर तुम्हाला आणि मला अगदी सारखंच ऐकू आलं असतं. दोघींनाही काहीच नाही. आणि तिथे गाणं म्हणायचं तुम्हालाच जमलं असतं. मी प्रयत्न केला. चाल ओठांवर येईना. मी कधी गायलेच नव्हते, तुम्ही होतात ना.

नंतर मोबाइलवर ते गाणं लावलं. त्या बाईचं म्हणणं सुरेखच आहे. पण शेवटी ती वर चढते. तुम्हाला तो सूर गाठता यायचा नाही, म्हणून तुम्ही एक श्वास घेऊन खाली उतरायचा आणि स्वतःवरच हसायचा. मला गाणं तसंच पाठ आहे. तुमची ती उतरण्याची जागा कुठल्याच मोबाइलवर मिळत नाही. बंधुराज म्हणाले, "अगं, मग तिलाच विचार." त्यांना तेल घालण्यापलीकडेही काही सुचतं, हे मला काल कळलं.

तर रविवारी सकाळी, चहा झाला की, मी व्हिडिओ कॉल लावणार आहे. फोन थरथरला की उचला. मी तोंडाने काही बोलणार नाही. फक्त हात समोर धरीन आणि अंगुस्तानाने टेबलावर ताल देईन. तो तुम्हाला दिसेल. त्यावर तुम्ही गा.

आवाज मोठा निघाला तर निघू दे. बेसूर झाला तर होऊ दे. तुम्हाला कळणार नाही आणि मी कुणाला सांगणार नाही. तुमचा आवाज आता तुम्हाला ऐकू येत नाही हे खरं. पण तो ऐकणारी मी अजून आहे.

ताल धरून बसलेली,
तुमची शिंपीणबाई