इल्दा परीक्षेत गप्प बसली

नेब्रास्का, २० मे

प्रिय एउसेबिओदादा,

इल्दाच्या शाळेतल्या रोसाउराबाईचा नमस्कार. तुम्ही ग्वातेमालात गावी पोचलात, आईच्या हातचं खाताय, हे पेत्रोनावहिनींकडून कळलं. इकडे थंडी सरली. वहिनी आता मांसाच्या कारखान्यात दुप्पट राबतात आणि मक्याच्या पिठाचे तमालेस मात्र पूर्वीइतकेच खारट करतात. तुमची इल्दा बरी आहे. उंच झाली.

शाळेचं म्हणाल तर निकाल लागला. इंग्रजी शिकणारी पोरं वर्षभरात किती पुढे गेली, यावर सरकार शाळेला जोखतं. यंदा आम्ही घसरलो. मुख्याध्यापिकाबाई मला म्हणाल्या, "रोसाउरा, वाचनात, लिहिण्यात ही इल्दा सगळ्यांच्या पुढे. मग बोलण्यात भोपळा कसा?"

"घसा बसला असेल," मी म्हटलं. खोटंच.

फोनवर वहिनी शेजारी असतात आणि त्यांना यातलं काही ठाऊक नाही, म्हणून गावाकडे निघालेल्या माणसाच्या हाती हे पत्र देतेय. त्या परीक्षेत प्रश्न ऐकून उत्तर मायकात बोलायचं असतं. ते रेकॉर्ड होतं. प्रश्न आला, "तुझ्या घरी कोण कोण असतं? ते काय काम करतात?" इल्दा ओठ घट्ट मिटून बसली. घरातलं बाहेर सांगायचं नाही, हे आपल्याकडे पोरांना चालायच्या आधी शिकवतात. मला वाटलं, गुणाची पोर, शिकवण पाळतेय.

निकालाच्या दिवशी मात्र मी चिडले. "अगं, सरावाला कशी घडाघडा बोलली होतीस!"

"म्हणूनच," ती म्हणाली. "मी बाबांचं नाव सांगितलं, कारखाना सांगितला. मग बाबांना नेलं."

दादा, सरावाला "नाव घेऊन सांग, मोठ्यानं सांग" असं तिच्या मागे मीच लागले होते. तुमच्या गाडीचा दिवा फुटला होता म्हणून पोलिसांनी अडवलं, कागद नव्हते म्हणून देशाबाहेर धाडलं, हे मी तिला परोपरीनं सांगितलं. ती मान डोलावते. पण मनात तेच. चार महिने हे ओझं घेऊन पोर शाळेत येतेय आणि आम्ही तिचे गुण मोजत बसलो. तुमचा फोन आला की ती दात दुखतो म्हणून उठून जाते ना? तिचा दात दुखत नाही, दादा.

शाळेचं काय, पुढच्या वर्षी वर येईल. या पोरीची मला काळजी वाटते. ती माझं ऐकणार नाही, तुम्हीच सांगायला हवं. रविवारी फोन करा. ती गेली तर वहिनींना तिच्या मागे जायला सांगा. तिला म्हणा, बाळा, तुझ्यामुळे नाही. ती काही बोलणार नाही. तरी फोन ठेवू नका, पुन्हा म्हणा.

तुमच्या लेकीची बाई म्हणवून घ्यायला न धजणारी,
रोसाउरा